अडीच वर्षांची लेक लिफ्टमध्ये अडकल्यापासून मला सोडतच नाही, काय करू?

घोडबंदरकरीण | २९ मे, रात्री १२:१०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लेक झोपलीये आणि तिच्या मुठीत माझ्या गाऊनची कड आहे म्हणून एका हाताने टाईप करतेय.

लेक २ वर्षं ५ महिन्यांची. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. ९ मेला संध्याकाळी तो वारा-पाऊस सुटला ना, तेव्हा माझ्या साबा (सासूबाई) तिला खालच्या झोपाळ्यावरून वर आणत होत्या आणि लाईट गेली, लिफ्ट सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकली. वीस-बावीस मिनिटं. आत काळोख, पंखा बंद, साबांचा फोन घरी चार्जिंगला. वॉचमनकाकांनी चावीने दार उघडलं तर लिफ्ट अर्धी खालीच होती, मग त्यांनी आधी लेकीला वर ओढून घेतलं आणि साबांना बाहेर काढेपर्यंत अजून पाच-सात मिनिटं गेली. मी तेव्हा घरात कॉलवर होते, मला हे सगळं संपल्यावर कळलं.

तेव्हापासून माझी पोर बदललीये. लिफ्टच्या जवळ गेलं तरी अंग ताठ करते, मानेला नखं लागेपर्यंत घट्ट धरते. १२ किलोची पोर कडेवर घेऊन अकरा मजले चढ-उतार चालूये या उकाड्यात. पण खरं सांगायचं तर लिफ्टपेक्षा बाकीचंच जास्त झालंय. मी बाथरूमला गेले की दाराशी बसून दार बडवत राहते. बाबाने कपाट लावलं तरी किंचाळते. रात्री दोन-तीनदा दचकून उठते आणि 'दाल उघल, दाल उघल' करते. शू सांगायला लागली होती, तेही गेलं, परत डायपर.

त्यात १५ जूनपासून मला ऐरोलीला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायचंय. म्हणून गेल्या आठवड्यात एका पाळणाघरात ट्रायलला नेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, ती खेळण्यात रमली की गुपचूप निघा, बाय करत बसू नका. मी तसंच केलं. पाऊण तासात फोन आला, उलटी होईपर्यंत रडली होती. त्या दिवसापासून तर मी हॉलमधून किचनमध्ये गेले तरी मागे मागे येते.

नवरा म्हणतो हट्ट आहे, जाईल. साबा म्हणतात दृष्ट लागली, मीठ-मोहरीने दृष्टही काढून झाली. मला काही कळेनासं झालंय. कुणाच्या मुलांना असं झालंय का?

कोपरीकर | २९ मे, सकाळी ७:५२

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. लहान मुलांची भीती जितकी जपाल तितकी वाढते हे माझं मत. घट्ट कडेवर धरा आणि सलग चार दिवस लिफ्टने वर-खाली करा, रडली तर रडू दे, पाचव्या दिवशी स्वतः बटण दाबेल. आमच्या लहानपणी असंच करायचे आणि आम्ही सगळे नीट वाढलो. तुमच्या काळजीपोटीच लिहितोय.

पामबीचबाबा | २९ मे, सकाळी ९:१५

कोपरीकर दादा, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंय हे कळतं, पण हे मी करून बसलोय म्हणून सांगतो. आमचा मुलगा तीन वर्षांचा असताना पाण्याला घाबरायचा. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये मी त्याला धरून उतरलो, तो ओरडत होता आणि मी 'काही होत नाही, काही होत नाही' म्हणत राहिलो. चार दिवस केलं. चौथ्या दिवशी तो गप्प झाला आणि मला वाटलं जमलं. तो शांत नव्हता झाला, त्याने माझ्याकडे मागणंच सोडलं होतं. आता सात वर्षांचा आहे, अजून डोक्यावरून पाणी घेताना माझा हात नको असतो त्याला, आईचाच लागतो. ही गोष्ट मला फार लागून राहिलीये. ताई, तुम्ही असं करू नका एवढंच सांगतो.

नौपाड्याची आजी | २९ मे, दुपारी १:४०

अगं बाळा, तुझं वाचून जीव गलबलला. दृष्ट काढलीस त्यात काही वाईट नाही, पोरीला आजीच्या मांडीवर पाच मिनिटं मिळाली तेवढंच. पण एक विचारू का, तुझ्या सासूबाई कशा आहेत? तू पोरीचं सगळं लिहिलंस, त्यांचं काहीच नाही लिहिलंस. काळोखात, कडेवर रडतं मूल, हातात फोन नाही, साठीच्या पुढचं वय असेल. बाई घाबरली असेल गं.

आणि कोणी 'बुवा येईल', 'पोलीस घेऊन जाईल' असं बोलत असेल घरात तर ते आधी बंद करा. आम्ही बोलायचो. जेवायचं नाही तर बागुलबुवा, झोपायचं नाही तर बागुलबुवा. माझा धाकटा दहा वर्षांचा होईस्तोवर मागच्या अंगणात एकटा गेला नाही आणि आम्ही त्यालाच भित्रा म्हणत राहिलो.

वाशीची बालवाडीताई | २९ मे, संध्याकाळी ५:२०

मी १८ वर्षं वाशीत बालवाडी चालवतेय, दर जूनला वीस-पंचवीस रडणारी पिल्लं अंगावर घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे गुपचूप निघून जाणं. हे अजूनही कितीतरी ठिकाणी सांगतात आणि माझा या गोष्टीवर मनापासून राग आहे. मूल रमलंय म्हणून आई गायब होते, म्हणजे मूल काय शिकतं? की खेळण्यात लक्ष गेलं तर आई नाहीशी होते. मग ते खेळायचंच बंद करतं, आईवर पहारा देत बसतं. तुमची लेक किचनपर्यंत मागे येते ती याचमुळे. निघताना सांगून निघायचं, छोटं आणि रोज तेच. 'आई ऑफिसला चालली, तू खिचडी खाल्लीस, झोपून उठलीस की आई येते.' 'पाच वाजता येते' याचा या वयात काही उपयोग नाही, घड्याळ कळत नाही त्यांना, खाणं-झोपणं कळतं. एक पापा, एक टाटा आणि निघायचं. दारातून चारदा परत वळायचं नाही. रडेल. सांगून गेल्यावरचं रडणं आणि फसवून गेल्यावरचं रडणं वेगळं असतं, मला वर्गात आवाजावरून कळतं.

दुसरं, आणि हे मी दोन-तीनदा वाचून लिहितेय. तुम्हाला वाटतंय ती लिफ्टला घाबरतेय. मला नाही वाटत तेवढंच असेल. तुम्ही काय लिहिलंय बघा: बाथरूमचं दार, कपाटाचं दार, झोपेत 'दार उघड'. तिला आधी बाहेर काढलं आणि आजी आतच राहिली ना? एका अनोळखी माणसाच्या कडेवरून तिने काय बघितलं असेल? की आजी दाराच्या पलीकडे आहे आणि येत नाहीये. मला वाटतं तुमच्या लेकीला बंद दाराची भीती बसलीये, दारामागे गेलेलं माणूस परत येतं की नाही याची. खेळताना ती काय करते ते बघा एक-दोन दिवस, तुम्ही काही सुचवू नका, नुसतं बघा.

घोडबंदरकरीण | ३० मे, रात्री ११:३५

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी ऑफिसच्या कॉलमध्ये रडले. आज दिवसभर बघितलं. ती बाहुलीला स्टीलच्या डब्यात घालते, झाकण लावते, कान लावून ऐकते, झाकण उघडते. परत घालते. अर्धा तास हेच. मी गेले दोन आठवडे तिला 'बाहुलीला असं कोंडू नये' म्हणून डबा काढून घेत होते.

आणि नौपाड्याच्या काकू, तुम्ही बरोबर ओळखलंत. मी लिहिलं नव्हतं कारण लिहायची लाज वाटली. त्या संध्याकाळी मी साबांना सगळ्यांसमोर म्हणाले की पाऊस दिसत होता तर तुम्ही लिफ्टने आलातच का. तेव्हापासून त्या खाली उतरल्याच नाहीयेत. रोज संध्याकाळी लेकीला गणपतीच्या देवळात न्यायच्या, तेही बंद. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणतात.

बालरोग खारघर | ३१ मे, सकाळी ६:४५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे वाचून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही, पण काही गोष्टी सगळ्यांनाच उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

आईपासून दूर जायची भीती ही वाढीतलीच एक पायरी आहे. साधारण ८ महिन्यांच्या आसपास बाळाला कळायला लागतं की दिसत नसलेली गोष्टही कुठेतरी असते, म्हणजे आई दिसत नाही तर आई 'कुठेतरी गेलीये'. तिथून ही भीती सुरू होते, १० ते १८ महिन्यांत सगळ्यात जोरात असते आणि बहुतेक मुलांत तीन वर्षांपर्यंत ओसरते. मध्येच आजारपण, नवं भावंड, घर बदलणं किंवा असा प्रसंग झाला तर ती परत उसळते. शू सांगायचं बंद होणं, अंगठा चोखणं परत सुरू होणं हेही अशा वेळी होतं. त्याबद्दल रागवू नका, डायपर घाला, परत येईल.

शिवाय काही मुलं जन्मतःच सावध असतात. जेरोम केगन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी लहान मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात साधारण १५ ते २० टक्के मुलं नवी माणसं, नव्या जागा यांना जास्त बिचकणारी निघाली. हा आईबापांच्या वाढवण्यातला दोष नव्हे.

डब्याचा खेळ थांबवू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे झालेली गोष्ट सांगायला शब्द नसतात, ती खेळून सांगतात. फक्त लक्ष ठेवा की खेळाचा शेवट होतोय, बाहुली बाहेर येतेय. नसेल येत तर तुम्ही शेजारी बसून हळूच शेवट आणा.

लिफ्टसाठी: जिथे ती अस्वस्थ होते पण सहन करू शकते अशी जागा शोधा आणि तिथून सुरू करा. लांब उभं राहून दुसरी माणसं लिफ्टने जाताना-येताना बघणं, हीच पहिली पायरी असू शकते. रडून अंग ताठ करत असेल तर पायरी मोठी झाली, एक मागे या. पण अजिबात जायचंच नाही असंही नको. टाळत राहिलं की भीती तशीच राहते, कारण 'गेलो आणि काही झालं नाही' हा अनुभवच मिळत नाही.

आणि सासूबाईंबद्दल. १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. वर्षभराच्या मुलांना जाड काचेच्या टेबलावर ठेवलं, मध्येच काचेखाली खोलगट भाग दिसतो. पलीकडे आई उभी. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुलं रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. काच तीच, खोली तीच. मूल गोंधळलं की आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. तुमच्या घरात लेक रोज बघतेय की आजीसुद्धा लिफ्टने जात नाही.

घणसोलीची सई | ३१ मे, दुपारी ३:०५

वाचतेय. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, प्रसंग वगैरे काही झालेला नाही पण मिक्सर, कुकरची शिट्टी, कशालाही घाबरतो. कान झाकून घेतो, गोल गोल फिरतो. हाक मारली तर बऱ्याचदा बघत नाही. डॉक्टर, हे पण तेच का?

सानपाड्याहून | ३१ मे, रात्री ९:५०

सई, मी डॉक्टर नाही पण तुझं वाचून राहवलं नाही. माझ्या मुलाचं हेच होतं. सगळे म्हणायचे मुलगे उशिरा बोलतात, मोठा झाला की जाईल, याचे काका पण असेच होते. आम्ही साडेतीन वर्षांपर्यंत थांबलो. तो ऑटिस्टिक आहे. मिक्सरचा आवाज त्याला नुसता नकोसा होत नव्हता, तो त्याला खरंच सहन होत नव्हता आणि आम्ही 'सवय होईल' म्हणून मुद्दाम त्याच्यासमोर मिक्सर लावायचो. थेरपी सुरू झाल्यावर खूप फरक पडला, आता शाळेत जातो, माझ्याशी भांडतो सुद्धा. पण ते सव्वा वर्ष मला परत मिळणार नाही.

तुझ्या मुलाचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण दाखवून घे. काही नाही निघालं तर उत्तमच.

बालरोग खारघर | १ जून, सकाळी ७:१०

सई, हाक मारल्यावर न बघणं हे मात्र दाखवायला हवं, थांबू नका. आधी कान तपासायला सांगतील, मग १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली असते ती भरून घेतील. तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ करू शकतात. सरकारी बाजूने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासतात आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात, तिथे पैसे लागत नाहीत.

बाकी सगळ्यांसाठी: भीती चार आठवड्यांहून जास्त टिकली आणि कमी व्हायचं नाव घेत नाही, मूल खात-झोपत नाही, वजन उतरतंय, शिकलेले शब्द बोलायचं बंद झालंय किंवा लोकांकडे बघणंच कमी झालंय, तर घरचे उपाय करत बसू नका. घोडबंदरकरीण, ९ मेपासून तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत. लेकीला एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवाच.

घणसोलीची सई | १ जून, सकाळी १०:२०

शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. सानपाडाताई, तुम्हाला मेसेज केलाय.

पामबीचबाबा | १ जून, दुपारी १२:३०

घोडबंदरकरीण ताई, दोन कामाच्या गोष्टी. एक, सोसायटीत विचारा लिफ्टला बॅटरीवरची रेस्क्यू सिस्टिम आहे का. ती असली की लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन आपोआप दार उघडते. आमच्याकडे नेरुळला बसवून घेतली, त्यासाठी दोन मीटिंगा भांडलो. आतला दिवा, अलार्म, इंटरकॉम चालू आहेत का तेही स्वतः जाऊन बघा. मुलीला 'काही होणार नाही' म्हणायच्या आधी खरंच काही होणार नाही हे बघणं आपलं काम.

दुसरं, तुमच्या ऑफिसात ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय देणं २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा आहे. एचआरला मेल टाका, तोंडी विचारू नका.

घोडबंदरकरीण | ४ जून, रात्री ११:५५

अपडेट देते. डॉक्टरांना दाखवलं. वजन ठीक, बोलणं ठीक, म्हणाल्या अजून दोन-तीन आठवडे असंच हळूहळू करा, नाहीच उतरलं तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. झोपेचं विचारलं, या वयात दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास हवी, आमची नऊवर आली होती. झोपताना मोबाईलवर कार्टून लावत होतो ते बंद करायला सांगितलं, त्याजागी अंगाई आणि साबांच्या जुन्या नऊवारीची गोधडी. ती गोधडी आता मुठीत असते, गाऊनची कड सुटली.

दारांचं असं केलंय. दिवसातून पन्नास वेळा बुवा-कुक. आधी पदराआडून, मग पडद्याआडून, मग अर्धवट लोटलेल्या दाराआडून, मी आतून बोलत राहते. बाथरूमला जाताना सांगून जाते आणि आतून मोठ्याने गप्पा मारते. काल पहिल्यांदा दार पूर्ण लावलं आणि ती बाहेरून 'आई आहेश?' विचारत राहिली, मी 'आहे' म्हणत राहिले, आंघोळ तीन मिनिटांत उरकली पण ती रडली नाही.

आणि रोज रात्री गोष्ट सांगते. एक चिऊ आणि तिची आजी लिफ्टमध्ये बसल्या, लाईट गेली, काळोख झाला, चिऊला भीती वाटली, आजीने चिऊला पोटाशी धरलं, मग काका आले, दार उघडलं, आधी चिऊ बाहेर आली, *मग आजी पण बाहेर आली*, मग दोघी घरी आल्या आणि वरण-भात खाल्ला. 'मग आजी पण' ला थांबले की ती स्वतः ओरडते, 'आली!'

नवऱ्याने शनिवारी वाण्याकडून मोठा खोका आणला, त्याला दार कापलं, स्केचपेनने बटणं काढली. हट्ट आहे म्हणणारा माणूस दोन तास त्या खोक्यात हत्ती आणि अस्वल वर-खाली करत होता.

वाशीची बालवाडीताई | ५ जून, सकाळी ८:००

'मग आजी पण आली' हे वाक्य कधीही गाळू नका. बाकी गोष्ट आखडली तरी चालेल.

पाळणाघर बदललंत का? नवीन ठिकाणी पहिले दोन दिवस तुम्ही तिथेच बसा, तिसऱ्या दिवशी सांगून पंधरा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. जे पाळणाघर आईला आत बसू देत नाही तिथे मी माझं मूल ठेवणार नाही.

नौपाड्याची आजी | ५ जून, सकाळी ११:१५

आणि सासूबाई?

घोडबंदरकरीण | १३ जून, रात्री १०:४०

काकू, तुमचा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. रविवारी दुपारी लेक झोपली तेव्हा साबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, त्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं, तुम्ही तिला बावीस मिनिटं पोटाशी धरून बसलात म्हणून ती तेवढ्यावर निभावली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काळोखात मला वाटलं माझ्या हातून पोरीचं काही झालं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू. आणि मला म्हणाल्या, गुडघ्यांचं खोटं होतं.

त्यांना रात्री झोप लागत नव्हती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे ना सरकारचा, फुकट असतो, त्यावर मी माझ्यासाठी म्हणून फोन लावला होता, मराठीत बोलल्या तिकडच्या बाई, मग साबांनाही दिला. पंधरा मिनिटं बोलल्या त्या दार लावून. (दार लावलं तेव्हा लेक बाहेरून 'आजी आहेश?' करत होती.)

बुधवारी साबा स्वतःच म्हणाल्या, चला. नवरा आणि त्या लिफ्टने एक मजला खाली गेल्या, मी आणि लेक जिन्याने धावत दहाव्यावर. दार उघडलं आणि साबा बाहेर आल्या. लेकीने माझी मान सोडली आणि बघत राहिली. मग म्हणाली, 'पलत.' आजी परत वर, आम्ही धावत अकराव्यावर. असं सहा वेळा केलं, माझ्या पिंढऱ्यांचं वाट्टेल ते होऊ दे. रोज करतोय. अजून ती स्वतः आत गेलेली नाही.

कोपरीकर | १४ जून, सकाळी ८:२०

ताई, मी पहिल्या दिवशी लिहिलं त्याबद्दल विचार करतोय. माझ्या पुतणीला कुत्र्यांची भीती आहे आणि आम्ही सगळे तिला पकडून कुत्र्याजवळ नेतो. बंद केलं. तुमच्या पुढच्या अपडेटची वाट बघतोय.

घोडबंदरकरीण | २८ जून, रात्री ११:२०

उशीर झाला, ऑफिस सुरू झालंय आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दिवस जातोय.

नवं पाळणाघर चालत दहा मिनिटांवर मिळालं, बाईंनी पाच दिवस मला आत बसू दिलं. गोधडी बरोबर जाते. पहिल्या आठवड्यात निघताना रोज रडली, मी गेल्यावर दहा मिनिटांनी थांबायची, बाई फोटो पाठवायच्या. या आठवड्यात दोनच दिवस रडली. एचआरचं उत्तर अजून यायचंय.

लिफ्ट: २० तारखेला ती स्वतः आत गेली. आजीचा हात धरून, दार उघडंच, नवरा बटण दाबून उभा. आत जाऊन बटणं मोजली आणि बाहेर आली. दोन दिवसांनी एक मजला. काल अकरा ते सात. सातव्यावर मात्र उतरायचंच म्हणते, तिथून खाली जिन्याने. तिथेच अडकली होती ना. आम्ही उतरतो. मध्ये एकदा घाईत होते म्हणून मी 'आज खालपर्यंत जाऊ' म्हणून दार लागू दिलं तर परत किंचाळली आणि पुढचे तीन दिवस लिफ्टचं नाव काढलं नाही. चूक माझी. परत दहाव्यापासून सुरू केलं होतं.

रात्री आता एकदाच उठते. शू अजून सांगत नाही.

सोसायटीत रेस्क्यू सिस्टिमचा ठराव मांडलाय, पामबीचबाबांनी सांगितलं तसं लेखी.

घणसोलीची सई | २९ जून, दुपारी २:१५

किती बरं वाटलं वाचून. माझ्या मुलाची कानाची तपासणी झाली, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलंय. औषध चालू आहे, सहा आठवड्यांनी परत बघणार आणि मग ती प्रश्नावली परत भरायचीये. सानपाडाताई रोज फोन करतात. मिक्सर आता तो गॅलरीत असतानाच लावते, आधी सांगून.

ऐरोलीचा ताशेवाला | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

जुना धागा वर काढतोय. मी स्वतः ढोल-ताशा पथकात आहे आणि माझी दोन वर्षांची मुलगी सरावाच्या आवाजाने थरथरते. गणपती जवळ येतायत. मला पथक सोडायला लागलं तरी चालेल, पण सोडल्याने तिची भीती जाईल का?

घोडबंदरकरीण | २ ऑगस्ट, रात्री ११:१०

दादा, पथक सोडू नका लगेच. आधी तिच्या डॉक्टरांना कान दाखवून घ्या आणि विचारा, इतक्या लहान कानांना ढोलाचा आवाज जवळून द्यायचाच नाही असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे ती घाबरतेय ते बरोबरच आहे एका अर्थी. घरी छोटी डफली किंवा डबा आणि चमचा तिच्या हातात द्या, तिला वाजवू दे, बंद करायचं तिच्या हातात असू दे. मग ताशाची काडी आणून दाखवा, उशीवर वाजवा. सरावाला न्यायचंच झालं तर लांबून, जिथून ढोल छातीत वाजत नाही तिथून, पाच मिनिटं, आणि तुम्ही वाजवत असाल तर आधी सांगून जा की बाबा वाजवणार आणि मग येणार.

आणि ती सरावाच्या वेळी नक्की कुठे बघते ते बघा. ढोलाकडे बघते की तुमच्याकडे.

आमची आता खालपर्यंत जाते लिफ्टने. आठवा आला की आजीचा हात धरते आणि सातवा मागे पडेपर्यंत सोडत नाही.